चालवून पाहिली

मिस्त्रींना सायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी "काहीतरीच काय!" म्हणून मला अडवायला नको. चाळीसेक वर्षं या माणसाने सायकली दुरुस्त केल्या. पंक्चरं काढली, तारा ओवून चाकं बांधली, वाकडी हँडलं सरळ केली. सायकल नुसती दुकानासमोरून गेली तरी मान वर न करता सांगायचे, "मागच्या चाकाची तार सैल आहे बघ त्याच्या." आणि स्वतः मात्र उभ्या जन्मात कधी सीटवर बसले नव्हते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही.

झालं होतं असं, की मिस्त्री नवव्या वर्षी काकाच्या दुकानात कामाला लागले आणि काकाने पहिल्याच दिवशी दम भरला, "गिऱ्हाइकाच्या सायकलवर टांग टाकलीस तर तंगडं मोडून हातात देईन." घरची सायकल नाही, गिऱ्हाइकाची चालवायची नाही, मग शिकणार कशावर? पुढे काका गेले, दुकान मिस्त्रींकडे आलं, तोवर हात असा तयार झाला होता की चार चौक ओलांडून लोक चाकं घेऊन यायचे. आता एवढं नाव झाल्यावर भर रस्त्यात धडपडत सायकल शिकायची? सगळीकडे बोभाटा झाला असता, मिस्त्रीच सायकलवरून पडला म्हणून. लाज वाटली. त्या लाजेपायी शिकायचं राहिलं ते राहिलंच.

गंमत अशी, की कधी अडलंही नाही. आपल्याकडे रीतच तशी आहे. दुरुस्ती झाली की मिस्त्री सायकल उभी करणार, फडक्याने सीट पुसणार आणि म्हणणार, "घ्या, एक चक्कर मारून बघा." गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत जाऊन येणार. तेवढ्यात मिस्त्रींनी कान देऊन सगळं ऐकलेलं असायचं, आणि गिऱ्हाईक उतरायच्या आत पाना हातात. "जरा थांबा, अर्धा आटा द्यायचाय." लोकांना वाटायचं, काय माणूस आहे, आपलं समाधान झाल्याशिवाय सायकल देत नाही! खरी गोष्ट फक्त बायकोला माहीत होती आणि ती कधी कुणाला बोलली नाही.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. दुकान गेलं, आणि दुकानामागची राहायची खोलीही गेली, कारण दोन्हींची भिंत एकच. सव्वीस वर्षांचा संसार दोन पत्र्याच्या पेट्यांत भरून मिस्त्रींच्या बायकोने आपल्या भावाचं घर गाठलं. भाऊ वाईट नव्हता, भावजयही वाईट नव्हती. पण घर दोन खोल्यांचं, त्यात त्यांची तीन मुलं. हिला झोपायला जागा मिळाली ती स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळात. घरातल्या सगळ्यांचं टीव्ही बघून झालं, शेवटचा माणूस मोरीवर जाऊन आला, की मग हिने अंथरूण घालायचं आणि पहिला माणूस उठायच्या आत गुंडाळून ठेवायचं. पन्नाशीला आलेल्या बाईवर ही वेळ! मिस्त्री एका ओळखीच्याच्या गोदामात पथारी टाकत होते. बायकोला भेटायला गेले की बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखे बसायचे, चहा घ्यायचे आणि उठायचे. नवरा-बायकोला धड चार शब्द बोलायची सोय नव्हती.

अशात परदेशातून भाच्याचा फोन आला. भाचा तिथे एका मोठ्या बेकरीत कामाला होता. "मामा, इथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, आणि हाताने चाक बांधणारा माणूस औषधाला मिळत नाही." त्याच्या ओळखीत एक म्हातारा सायकल दुरुस्तीवाला होता. वेडंवाकडं फिरणारं चाक सरळ फिरायला लावणं, म्हणजे आपल्या भाषेत आऊट काढणं, ते काम करतानाचा मिस्त्रींचा व्हिडिओ भाच्याने त्याला मोबाइलवर दाखवला होता. म्हातारा म्हणाला, तीन महिने काम बघतो, पटलं तर स्वतः परवान्याच्या ऑफिसात येऊन सही करतो. ती सही झाली की कायमचा कागद, आणि कायमचा कागद झाला की बायकोला बोलावून घ्यायची मुभा.

मिस्त्रींनी बायकोला सांगितलं, "तीन महिने कळ काढ. मग तू आणि मी आणि आपली खोली."

"मी कुठे जातेय?" ती म्हणाली. "आहेच इथे."

तर मिस्त्री त्या शहरात पोचले. भाच्याच्या एका खोलीत त्याच्याच पलंगाखाली गादी टाकून राहायला लागले. भाच्याने सांगितलं होतं त्यात जराही अतिशयोक्ती नव्हती. रस्त्याला सायकलींची वेगळी तांबडी वाट, आणि त्या वाटेवरून सकाळी आठ वाजता अशी झुंबड, की पायी माणसाला पलीकडे जायचं तर देव आठवावा. कोटवाले साहेब सायकलवर, पोटुशी बाई सायकलवर, खांद्यावर शिडी घेतलेला रंगारी सायकलवर. कुणी घंटी वाजवत नाही, कुणी ओरडत नाही, सगळे आपले सुसाट. मिस्त्री पहिल्या दिवशी फुटपाथवर अर्धा तास उभे राहून नुसते चाकांचे आवाज ऐकत होते. त्यांना वाटलं, इथे आपल्याला जन्मभर काम पुरेल.

दुकान तळघरात होतं. रस्त्यावरून तीन पायऱ्या उतरून आत जायचं. कामाच्या टेबलासमोर एक आडवी खिडकी, बरोबर बाहेरच्या फुटपाथच्या पातळीवर. तिच्यातून दिवसभर चाकं आणि बूट दिसायचे, गुडघ्याच्या वरचा माणूस नाही. मालक सत्तरीचा, उंच, काटकुळा, दोन्ही कानांत ऐकू येण्याची यंत्रं. बोलणं अगदी मोजकं. मिस्त्रींना त्याची भाषा येत नव्हती, त्याला मिस्त्रींची येत नव्हती, पण दोघांच्या मध्ये चाक ठेवलं की त्यांचं मस्त जमायचं. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी चाक मांडीवर घेऊन एकेक तार नखाने वाजवली आणि जिथे आवाज बसका आला तिथे पाना लावला. मालक हातातलं काम टाकून बघतच राहिला.

संध्याकाळी मालकाने एक पिवळं कार्ड पुढे केलं. दुरुस्त झालेल्या प्रत्येक सायकलच्या हँडलला ते बांधायचं होतं. त्यावर चार चौकोन. भाचा बेकरीतून सुटून परस्पर तिथे आला होता, त्याने वाचून दाखवलं. ब्रेक, चाकं, दिवा, आणि शेवटचा चौकोन, 'चालवून पाहिली'. खाली सही. "ते म्हणतायत मामा, ज्याने दुरुस्त केली त्यानेच रस्त्यावर चालवून बघायची, मग सही करायची. एक कार्ड गिऱ्हाइकाला, एक इथे डब्यात. चाळीस वर्षांत तसं केल्याशिवाय एकही सायकल या दारातून बाहेर गेलेली नाही."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणीच पळालं.

आणि इथे मला या माणसाचा राग येतो, खरंच येतो. अहो, भाचा समोर उभा होता, मालक समोर उभा होता. सांगून टाकायचं होतं, बाबा रे, मला नाही चालवता येत! पण मिस्त्रींना त्या क्षणी काय दिसलं असेल, तर तो मोरीशेजारचा बोळ. हा म्हातारा म्हणेल, सायकल न येणारा सायकल मिस्त्री कशाला हवा मला, जा परत. मिस्त्रींनी मान डोलावली आणि कार्ड खिशात घातलं.

दुसऱ्या दिवसापासून नाटक सुरू झालं. सायकल तयार झाली की मिस्त्री ती उचलून तीन पायऱ्या चढायचे, हातात धरून कोपऱ्यापर्यंत न्यायचे आणि बाजूच्या गल्लीत शिरायचे. तिथे कचऱ्याचे मोठे डबे होते. त्यांच्या आड उभं राहून मिस्त्री तपासणी करायचे, आणि ती काही लुटुपुटीची नव्हे. मागचं चाक उचलून हाताने पायडल फिरव, सीटवर पोट टेकून सगळं वजन टाक, हँडलला लोंबकळून बघ, ब्रेक दाबून सायकल पुढे रेट. दोन्ही चाकांना कान लाव. दोनशे आकडे मोजायचे आणि परत फिरायचं. कोपरा आला की डावा पाय डाव्या पायडलवर, आणि उजव्याने जमीन रेटत पुढे. खिडकी आली की तो उजवा पाय अलगद उचलून घ्यायचा. आतून मालकाला काय दिसणार? फिरणारी दोन चाकं आणि पायडलवरचा एक बूट. मिस्त्री दारात उतरायचे, कपाळ पुसायचे आणि चौथ्या चौकोनात खूण करून सही ठोकायचे. मालक अंगठा वर करायचा.

पहिले आठ दिवस सही करताना ते मालकाकडे बघायचे नाहीत. मग बघायला लागले.

एकही सायकल परत आली नाही. उलट लोक नावाजायला लागले. एक शिक्षिकाबाई मुद्दाम पायऱ्या उतरून सांगून गेली की सायकल नवी असतानाही एवढी हलकी चालत नव्हती. मालकाने सगळी चाकांची अवघड कामं मिस्त्रींकडे सोपवली. रोज एक, फार तर दोन सायकली, पण कशा! गंजून गेलेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. मिस्त्रींचं मन भरून यायचं आणि मग ते पिवळं कार्ड समोर आलं की जेवलेलं अंगाला लागायचं नाही.

शेवटी एका शनिवारी त्यांनी भाच्याला सांगितलं. भाचा आधी पोट धरून हसला. मग त्याने डोळे पुसले. "मामा, मग तुम्ही सह्या कशा करताय?"

"कान आहेत ना मला."

"कानाचं नाही विचारत मी. मालकांना सांगा. मी येतो बरोबर, हवं तर."

"कागद होऊ दे," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या मामीचा कागद एकदा हातात येऊ दे, मग मीच सांगतो, पाया पडून सांगतो. तोवर तू मला शिकव."

मग रविवारी सकाळी एका बंद मॉलच्या गाड्या लावायच्या आवारात शिकवणी सुरू झाली. भाचा सीट धरून मागे पळतोय आणि बावन्न वर्षांचा मामा वर जीव मुठीत धरून बसलाय. पहिल्या रविवारी मिस्त्री सात वेळा पडले. दुसऱ्या रविवारी मोजलं नाही. कोपरं फुटली, विजारीचा गुडघा फाटला, पण चौथ्या रविवारी भाच्याने हात सोडला आणि मिस्त्री आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. सरळ. वळायची वेळ आली की पाचावर धारण बसायची, मग उतरायचं, सायकल उचलून तोंड फिरवायचं आणि पुन्हा सरळ. वळण्याआधी त्या बाजूचा हात बाहेर काढून मागच्याला खूण करायची, असा तिथला कायदा. मिस्त्रींचा तर हँडलवरून एक बोटही सुटत नव्हतं. "पुढच्या रविवारी वळणं," भाचा म्हणाला. पण पुढच्या दोन्ही रविवारी बेकरीत त्याची पाळी लागली, आणि तीन महिने भरले.

ऑफिसची वेळ गुरुवारी सकाळी साडेदहाची होती. भाचा बोलणं समजावून सांगायला परस्पर तिकडे येणार होता. मिस्त्री धुवून इस्त्री केलेला शर्ट घालून, भांग पाडून नऊ वाजताच दुकानात हजर झाले. त्यांच्या डोक्यात होतं, ट्रामने जायचं. मालकाने सगळे कागद आपल्या खांद्याच्या पिशवीत घातले, आणि मग आतल्या खोलीत जाऊन एक सायकल घेऊन आला. ती मिस्त्रींनीच फावल्या वेळात भंगारातल्या भागांतून जुळवली होती, चाकांची प्रत्येक तार त्यांनी स्वतः ओवलेली. तिला नवी सीट बसवली होती, नवा कॅरिअर बसवला होता. मालकाने हँडल मिस्त्रींच्या हातात दिलं, त्यांच्या छातीवर बोट ठेवलं आणि त्यांना समजणाऱ्या दोन-चार शब्दांत सांगितलं. तुझी. मग रस्त्याकडे हात केला, बोटांनी वीस मिनिटं दाखवली आणि स्वतःच्या सायकलवर टांग टाकली.

आता काय करणार? नाही म्हणायचं तर कशाला, हे कुठल्या भाषेत सांगणार? मिस्त्रींनी त्या सगळ्या रविवारांची आठवण केली आणि फुटपाथच्या कडेला पाय टेकून चढले. मालक पुढे निघून गेला होता, त्याने यांचं चढणं पाहिलं नाही.

पहिला एक-दीड मैल रस्ता सरळसोट होता. आणि खरं सांगू का, मिस्त्री तरंगत होते. दोन्ही बाजूंनी सायकली सणसण पुढे जात होत्या, सगळं जग उजव्या बाजूने चाललं होतं, तोंडाला कोरड पडली होती, पण खालून आपल्याच हाताने बांधलेल्या चाकांचा आवाज येत होता. एक तार कुरकुरत नव्हती. इतकी वर्षं तो आवाज त्यांनी दुकानात बसून, दुसऱ्या कुणाच्या तरी बुडाखालचा ऐकला होता. आज तो त्यांच्या खालून येत होता. मिस्त्री मोठ्याने हसले. बायको आली की तिला या कॅरिअरवर बसवून याच रस्त्याने आणायची, असं त्यांनी मनात पक्कं केलं.

मग मोठा चौक आला. पुढे मालकाने डावा हात बाहेर काढला आणि डावीकडे वळला. मिस्त्रींनी डाव्या हाताचं एक बोट उचललं. हँडल थरथरलं. बोट जागेवर गेलं. "अहो! ओ मालक!" मिस्त्री मराठीत ओरडले, पण त्या कानांना ते कुठलं ऐकू यायला? मिस्त्री सरळ गेले.

ब्रेक दाबावा, तर मागे वीस-पंचवीस सायकली. मिस्त्रींना ब्रेकची पुरी माहिती, एकदम दाबला तर मागचे सगळे अंगावर येणार हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? म्हणून ते चालवत राहिले. पुढचा सिग्नल हिरवा. त्याच्या पुढचाही हिरवा. आयुष्यात कधी नव्हे ते सगळे सिग्नल त्या दिवशी हिरवे! दुकानं संपली, उंच इमारती संपल्या, एक पूल आला, पूल गेला. मिस्त्रींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पाय फिरत होते. शेवटी ट्रामचे रूळ आडवे आले, पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं आणि मिस्त्री तोंडावर आपटले.

दोन-तीन माणसं थांबली. एका बाईने त्यांचा चष्मा उचलून दिला, एकाने सायकल उभी केली. काहीतरी विचारत होते बिचारे. मिस्त्री नुसते हात जोडत होते. ऑफिसचा पत्ता मालकाच्या पिशवीत, आणि भाच्याचा नंबर ज्या मोबाइलमध्ये, त्याच्या काचेचा चुरा झालेला. मिस्त्रींनी सायकल हातात धरली आणि आल्या वाटेने उलटे चालायला लागले; चौकात मालक वळला तिकडे वळले आणि दिसेल त्याला हवेत शिक्का मारून दाखवत 'ऑफिस, ऑफिस' विचारत राहिले.

ऑफिसच्या पायऱ्यांशी पोचले तेव्हा सव्वा बारा वाजून गेले होते. भाचा धावत आला. मालक उभा होता. खिडकीवरच्या माणसाने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती, म्हणजे अजून सगळं संपलं नव्हतं. मालकाने मिस्त्रींचा फुटलेला गुडघा पाहिला आणि काहीतरी विचारलं.

"विचारतायत, वळला का नाहीत," भाचा हळू आवाजात म्हणाला. "मामा, काय सांगू?"

"रस्ता चुकलो म्हण."

भाच्याने तसं सांगितलं. मालकाने मान हलवली, मिस्त्रींच्या खांद्यावर थोपटलं आणि सायकलकडे हात केला. आता परत जाताना तू पुढे चल, मी मागे राहतो, म्हणजे चुकणार नाहीस.

भाचा पटकन काहीतरी बोलायला गेला. मिस्त्रींनी त्याला नजरेनेच गप्प केलं आणि हँडल धरलं. इथे पाय टेकायला फुटपाथची कड नव्हती, आवाराची लांबी नव्हती, बंद मॉल नव्हता. मागे मालक उभा, आणि त्याला आज नुसती चाकं नाही, अख्खा माणूस दिसत होता. मिस्त्रींनी टांग टाकली. पायडलवरचा पाय सटकला. पुन्हा चढले, चार हात गेले, हँडल गरकन फिरलं आणि ते सायकलसकट आडवे झाले. तिसऱ्यांदा चढायला गेले तेव्हा मालकाने येऊन हँडल धरलं.

त्याने मिस्त्रींच्या बुटांकडे पाहिलं, मग सायकलकडे. मग एकच शब्द बोलला. कार्ड. तो शब्द मिस्त्रींना त्याच्या भाषेत येत होता. त्यांनी खाली बघून मान हलवली.

मालक ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या, तरी परवडलं असतं. तो दुकानात गेला, डबा उघडला आणि मिस्त्रींच्या सहीची कार्डं मोजली. एकोणसत्तर. मग एकेका गिऱ्हाइकाला फोन करून सायकली परत बोलावल्या. पुढचा आठवडाभर तो सत्तरीचा म्हातारा एकेक सायकल घेऊन वर जायचा, गल्ल्यांना लांब वळसा घालून यायचा आणि कार्डावर मिस्त्रींच्या सहीखाली आपली सही करायचा. मिस्त्री सायकल वर नेऊन द्यायचे आणि खाली आणायचे. प्रत्येक वेळी चाकं खिडकीसमोरून जाताना ते कान टवकारून ऐकायचे. कुठेच काही नव्हतं. ब्रेक ठाकठीक, चाकं सरळ, चेन गप्प. जसजशी कार्डं संपत आली तसतशी मिस्त्रींना आशा वाटायला लागली. एकोणसत्तरातली एक तरी बिघडलेली निघाली का? मग? आता तरी याला कळेल, की आपले हात खोटं बोलत नाहीत.

शनिवारी शेवटची सायकल झाली. भाच्याला बोलावून घेतलं होतं. मालक टेबलाशी बसून बोलत होता आणि भाचा मान खाली घालून सांगत होता.

"म्हणतायत, सगळ्या सायकली उत्तम आहेत. असे हात त्यांनी आजपर्यंत पाहिले नाहीत."

मिस्त्री एक पाऊल पुढे आले.

"म्हणतायत, पण त्या ऑफिसात जाऊन त्यांना लिहून द्यायचंय, की या माणसाला मी ओळखतो, याच्या शब्दाची मी हमी देतो. ते कसं लिहू, असं विचारतायत."

"अरे, सांग त्यांना. तुझ्या मामीचं सांग. कसं राहतेय ते सांग."

भाच्याने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मालकाने यंत्र नीट बसवून सगळं ऐकलं, आणि त्याचेही डोळे भरून आले. मग तो भाच्याला अगदी थोडं बोलला. भाचा ते सांगेना.

"बोल," मिस्त्री म्हणाले.

"म्हणतायत, पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर चक्कर मी मारली असती."

मिस्त्रींनी आपला पाना फडक्याने पुसून भिंतीवर जागेवर अडकवला. सायकल तिथेच ठेवली. मालक ती घेऊन पायऱ्यांपर्यंत मागे आला होता, पण त्यांनी हात जोडले आणि पुढे झाले.

रविवारी दुपारी त्यांनी भाच्याच्या मोबाइलवरून बायकोला फोन लावला. त्या गुरुवारपासून ती वाटच बघत होती. "झाली का हो सही?"

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. कार्डांचं, खिडकीचं, चौकाचं. काही लपवलं नाही, आता लपवून उपयोग काय होता?

"फार लागलं का?" तिने विचारलं.

"नाही. गुडघा जरा."

"मग आता?"

"तिकीट काढायला सांगितलंय. येतो."

"येऊन राहणार कुठे?"

तेवढ्यात बायकोच्या मागून भावजयीचा आवाज आला. चांगला खुशीतला आवाज होता, मनात काही वाईट नव्हतं तिच्या. "वन्सं, कळली का हो जायची तारीख? नाही म्हणजे, घाई नाही हं, पण धाकटीचं अभ्यासाचं टेबल आलंय, ते त्या बोळात लावू म्हणतायत हे."

"अजून नाही गं कळली," बायको तिकडे तोंड करून म्हणाली, "आठवड्याभरात कळेल म्हणतायत," आणि तिने फोन ठेवला.